चौसष्ट पेट्या

उलानबातर शहराच्या पश्चिमेकडील उंचवट्यावर गंदन मठ आहे. सकाळी सात वाजता आम्ही तेथे पोहोचलो, तेव्हा मठाच्या पटांगणात शेकडो पारवे उतरले होते आणि एक वृद्ध स्त्री लहान लहान पुड्यांतून धान्य विकत होती. लोक पुडी विकत घेत, धान्य पारव्यांपुढे पसरत, हात जोडत आणि मंदिराकडे वळत. आपल्या गावच्या चबुतऱ्यापाशी उभे असल्यासारखे वाटले. सौभाग्यवतींनी दोन पुड्या घेतल्या. भाषा येत नसल्याने पैशांचा हिशेब बोटांवर झाला.

आम्ही सोलापूरचे कापडाचे व्यापारी. चिरंजिवांचा काश्मिरी लोकरीच्या शालींचा व्यवहार तिकडील एका पेढीशी सुरू झाला होता. त्यांच्याबरोबर, साठी उलटल्यावर, आम्हां उभयतांना मंगोलिया पाहण्याचा योग आला. श्रुतपंचमी होऊन चार दिवस झाले होते. सोबत कडक भाकरी, लसणाविना केलेली शेंगाचटणी, मेतकूट आणि खाकरे होते. हा देश कळपांवर जगणारा आणि मांसाहारी, त्यामुळे शिदोरीवाचून गत्यंतर नव्हते. मात्र रात्रिभोजनत्यागाची अडचण मुळीच आली नाही. जूनमध्ये तेथे सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो.

आमच्याबरोबर दुभाषी म्हणून आलेली मुलगी तीन वर्षे पुण्यात शिकून गेलेली होती. ती आम्हांला ‘काका’, ‘काकू’ म्हणे आणि हिंदीत मधूनच एखादा मराठी शब्द पेरी. पहिल्याच दिवशी तिने आम्हांला चकित केले. मंगोल भाषेत ग्रहांची जुनी नावे काय आहेत, हे तिने बोटे मोडीत सांगितले : अंगाराग, बुद, बारखासबादी, सुगार, सानचिर. म्हणजे आपले अंगारक, बुध, बृहस्पती, शुक्र आणि शनैश्चर! भारतातून तिबेटमार्गे आणि मध्य आशियातील व्यापारी मार्गांनी गेलेले शब्द गवताळ माळरानावर अजून नांदत आहेत. त्यांच्या राष्ट्रध्वजावरील चिन्हाला ‘सोयोंबो’ म्हणतात. तो ‘स्वयंभू’ या संस्कृत शब्दाचाच अपभ्रंश होय.

गंदन मठात अवलोकितेश्वराची उभी मूर्ती आहे. तिची उंची साडेसव्वीस मीटर. मान मागे टाकून पाहिल्याशिवाय मुखदर्शन होत नाही. आम्ही बौद्ध नव्हे, परंतु श्रमण परंपरेचे तेही आणि आपणही, त्यामुळे मन आपोआप नम्र झाले. तेव्हा दुभाषी मुलगी म्हणाली, “काका, ही मूर्ती माझ्याहून फार मोठी नाही. १९९६ सालची आहे.”

मूळ मूर्ती १९११ ते १९१३ या काळात उभारली गेली होती. १९३८ च्या सुमारास ती तोडून तिचा धातू सोव्हिएत संघात नेण्यात आला. त्याच्या बंदुकीच्या गोळ्या झाल्या, असे तेथील लोक सांगतात. पुढे पन्नासहून अधिक वर्षे त्या उंच मंदिरात मूर्ती नव्हती. राजवट बदलल्यावर लोकांनी वर्गणी काढून ती पुन्हा घडवली.

हे सारे कसे घडले, ते थोडक्यात सांगणे अवश्य आहे. आपल्याकडे हा इतिहास फारसा कोणी वाचत नाही.

१९२१ साली रशियाच्या लाल सेनेच्या साहाय्याने मंगोलियात क्रांती झाली. त्या वेळी देशाचे धर्मगुरू बोग्द गेगेन हेच राजे होते. त्यांना नावापुरते सिंहासनावर राहू दिले गेले. १९२४ साली त्यांचे देहावसान झाल्यावर प्रजासत्ताक घोषित झाले आणि पुढे त्यांच्या नव्या अवताराचा शोध घेण्यावरच बंदी आली. देशात त्या काळी सातशेहून अधिक मठ होते. पुरुषांपैकी सुमारे एक तृतीयांश लामा होते असे म्हणतात.

दडपशाही एका रात्रीत आली नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९२६ साली धर्म आणि राज्य यांना अलग करणारा कायदा झाला. कागदावर त्यात वावगे काहीच नव्हते. मग मठांवर आणि लामांवर कर बसले. मग अठरा वर्षांखालील मुलांना दीक्षा देण्यास मनाई झाली. म्हणजे मठाचे मूळच तोडले गेले. १९३० च्या सुमारास मठांची सामाईक मालमत्ता, म्हणजे गुरांचे कळप, जप्त करण्याची मोहीम निघाली. त्याच काळात खासगी व्यापारही बंद करण्यात आला आणि दुकाने ओस पडली. व्यापारी कुटुंबात जन्मलेल्या माणसाला या दोन घाल्यांमधील नाते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. १९३२ साली लोकांनी उठाव केला, त्यात अनेक लामाही होते. उठाव रणगाडे आणि विमाने वापरून मोडला गेला. त्यानंतर काही वर्षे सरकारने हात आखडता घेतला, व्यापारालाही थोडी मोकळीक मिळाली.

पंतप्रधान गेंदेन यांच्यावर स्टालिन लामांचा निःपात करण्यासाठी दबाव आणीत होता. ते मानेनात. १९३६ साली त्यांना पदच्युत करण्यात आले आणि पुढल्या वर्षी मॉस्कोत गोळी घालण्यात आली. मग चोइबाल्सान याच्या हाती सत्ता एकवटली. हा चोइबाल्सान बालपणी स्वतः मठात शिष्य म्हणून राहिलेला आणि तेथून पळालेला होता. १९३७ च्या सप्टेंबरात धरपकड सुरू झाली. लामा हे जपानचे हेर आहेत, असा आरोप ठेवण्यात आला. ज्येष्ठ लामांवर जाहीर खटल्यांचे नाटक झाले. ज्येष्ठांना देहदंड, मधल्या फळीला तुरुंग आणि सामान्य लामांची चीवरे उतरवून त्यांना सहकारी कारखान्यांत अथवा सैन्यात धाडणे, अशी वर्गवारी होती. ऑक्टोबर १९३७ ते एप्रिल १९३९ या दीड वर्षात विशेष आयोगाने २५,७८५ माणसांना दोषी ठरवले आणि त्यांपैकी २०,४७४ जणांना ठार मारले. त्यांत बहुसंख्य लामा होते. देशाची लोकसंख्या तेव्हा आठ लाखांच्याही आत होती. पश्चिमेकडील कझाख मुसलमानांच्या मशिदीही या तडाख्यातून सुटल्या नाहीत. सातशेंवर मठांपैकी उभे राहिले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि तेही संग्रहालय किंवा गोदाम म्हणून.

१९४४ साली गंदन मठाचा काही भाग पुन्हा उघडण्यात आला. मूठभर लामा, सरकारी देखरेख आणि परदेशी पाहुण्यांना दाखवण्यापुरते धर्मस्वातंत्र्य! पुढची पंचेचाळीस वर्षे संपूर्ण देशाला तेवढा एकच दिवा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही बोग्द गेगेन यांचा हिवाळी प्रासाद पाहिला. तेथे एक तंबू मांडून ठेवला आहे. तो दीडशे हिमबिबट्यांच्या कातड्यांनी मढवलेला आहे. सौभाग्यवती त्याच्यासमोरून तत्काळ बाहेर गेल्या. मी मात्र तेथे थोडा वेळ थांबलो, कारण मनात एक अवघड प्रश्न उभा राहिला होता. मठांपाशी फार मोठे गोधन होते, धर्मगुरूंपाशी वैभव होते आणि सामान्य पशुपालक दरिद्री होता. क्रांतिकारकांचा हा आरोप निव्वळ खोटा नव्हता. खोटा होता तो त्यावरील उपाय. परिग्रहाचा दोष दाखवून त्यांनी साधूच मारून टाकले. परंतु ज्या संस्थेत परिग्रह साचतो, तिच्यावर घाव घालणाऱ्याला आयते निमित्त सापडते, हेही तितकेच खरे. अपरिग्रहाला आपल्या आचार्यांनी महाव्रतांत स्थान दिले, त्याचे व्यावहारिक मोलही मला त्या तंबूसमोर कळले.

त्याच दुपारी बोग्द खान पर्वताच्या दक्षिण उतारावरील मंझुशिर मठाचे अवशेष पाहिले. या पर्वतावर १७७८ सालापासून शिकारीस बंदी आहे. जगातील अत्यंत जुन्या अभयारण्यांत त्याची गणना होते. एकाच देशात, एकाच श्रद्धेच्या छायेत, दीडशे कातड्यांचा तंबूही आणि अभयदान मिळालेला पर्वतही! मनुष्यस्वभाव असा आहे. १७३३ साली स्थापन झालेल्या या मठाची वीसएक मंदिरे होती. १९३७ साली ती पाडली गेली. आता उतारावर मातीच्या भिंती उभ्या आहेत, त्यांवर छप्पर नाही. आत गवत आणि पिवळी रानफुले. एक प्रचंड कांस्य कढई तेवढी शाबूत आहे. मी एका भिंतीच्या सावलीत बसून णमोकार मंत्र म्हटला. कोणाच्या शांतीसाठी म्हटला, ते मलाही सांगता येणार नाही.

परंतु ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो, ते स्थान याहून दूर आहे.

राजधानीहून आग्नेयेस सुमारे साडेचारशे किलोमीटरवर, गोबीच्या वाळवंटात, सैनशांद नावाचे गाव आहे. आगगाडीने नऊ-दहा तास लागतात. खिडकीतून तासन्‌तास एकही झाड दिसत नाही. मधूनच उंटांचा कळप, मधूनच एखादा पांढरा तंबू. या गावापासून थोड्या अंतरावर खामर मठ आहे. दांझनराव्जा (१८०३–१८५६) नावाच्या लामांनी तो १८२० च्या सुमारास स्थापिला. हे कवी होते, नाटककार होते, मुलामुलींना विद्या देणारे होते. त्यांच्या पश्चात त्यांचे ग्रंथ, चित्रे, नाटकातील पोशाख आणि पूजेच्या वस्तू पेट्यांत भरून मठात जतन केल्या गेल्या. पेट्यांची राखण एका कुटुंबाकडे वंशपरंपरेने चालत आली.

१९३८ साली हे काम तुदेव नावाच्या गृहस्थांकडे होते. मठावर सैनिक येणार हे स्पष्ट झाले होते. पेट्या शेकड्यांनी होत्या, हात दोनच होते. तुदेव रात्री निघत आणि वाळवंटात जाऊन जमेल तेवढ्या पेट्या पुरून येत. अशा चौसष्ट पेट्या त्यांनी पुरल्या. मग मठ उद्ध्वस्त झाला आणि उरलेले सारे नष्ट झाले.

पुढे काय केले? काहीच नाही. वाचकहो, हाच या कथेचा गाभा आहे. तुदेव गप्प राहिले. वर्षे गेली, दशके गेली. एक शब्द बाहेर फुटता तर प्राण गेले असते. पेट्या कुठे आहेत हे त्यांनी कागदावर लिहिले नाही, कारण कागद सापडतो. त्यांनी आपल्या नातवाला लहानपणापासून वाळवंटात नेऊन जागा ओळखायला शिकवले आणि मौनही शिकवले. १९८९ च्या डिसेंबरात उलानबातरच्या चौकात निदर्शने सुरू झाली. १९९० च्या मार्चमध्ये जुने सत्ताधारी पायउतार झाले. तेव्हा नातवाने वाळू उकरायला घेतली. १९९१ साली सैनशांद येथे संग्रहालय उघडले. २००९ साली दोन पेट्या बाहेर काढण्यात आल्या, तो प्रसंग जगभर थेट दाखवण्यात आला. काही पेट्या अजूनही वाळूतच आहेत.

संग्रहालय लहानसे आहे. काचेमागे लांबट, सुट्या पानांच्या पोथ्या आहेत, दोन फळ्यांमध्ये ठेवून कापडात बांधलेल्या. आपल्या शास्त्रांच्या बासनात आणि त्या बासनात भेद करता येणार नाही. ही सुट्या पानांची घडण मुळात आपल्याकडच्या ताडपत्रांची. मी काचेला हात लावून उभा होतो. आमच्या व्यापाऱ्यांच्या भाषेत याला ‘ठेव’ म्हणतात. ठेव म्हणजे आपली नव्हे ती वस्तू, आपल्या वस्तूहून अधिक जपायची. त्रेपन्न वर्षे त्या माणसाच्या घराण्याने ठेव सांभाळली. पावती नव्हती, व्याज नव्हते, मागणारा कोण येईल हेही ठाऊक नव्हते.

मी दुभाषी मुलीला विचारले, “तुला या पोथ्या वाचता येतात का?”

ती क्षणभर थांबली. “नाही, काका. माझ्या आजीलाही येत नव्हत्या. त्यांनी पुस्तके जाळली आणि मग लिपीही बदलली. मग जी वाचली, तीही वाचता येईनात.”

ही गोष्ट खरी आहे. १९४० च्या दशकात मंगोल भाषेसाठी रशियन लिपी आणली गेली, आणि लामांकडून तिबेटी शिकण्याची सोय तर आधीच संपली होती. पणजोबांच्या अक्षराला पणतू पारखा झाला. भारताने या कामी थोडा हातभार लावला, याचा अभिमान वाटतो. मंगोल कंजूर, म्हणजे त्यांच्या आगमग्रंथांचे १०८ खंड, डॉ. लोकेशचंद्र यांनी १९७० च्या दशकात दिल्लीहून प्रसिद्ध केले. अलीकडे भारत सरकारच्या पांडुलिपी मोहिमेने ते पुन्हा छापून मंगोलियातील मठांना दिले. लडाखचे कुशोक बकुला रिंपोछे हे १९९० ते २००० या काळात भारताचे राजदूत म्हणून तेथे होते आणि त्यांनी उलानबातरमध्ये मठही स्थापन केला. त्यांचे नाव आजही तेथील लोक हात जोडून घेतात.

परतीच्या गाडीत मला झोप आली नाही. त्या मुलीचे वाक्य कानात घुमत होते, आणि आमच्या माळ्यावरची एक पेटी डोळ्यांपुढून हलत नव्हती.

लहानपणी मी त्या पेटीवर चढून बसलो, की आजोबा म्हणत, “उतर खाली. ती आपली नाही.” यापलीकडे त्यांनी काही सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. आजोबा गेले, वडील गेले. वाडा पाडून इमारत झाली, तेव्हा पेटी एका माळ्यावरून दुसऱ्या माळ्यावर चढली. तिच्यात जुन्या पोथ्या आहेत, एवढे ठाऊक होते. कोणाच्या, ते मोडी लिपीतील वह्यांत असावे. मोडी आजोबांना येत होती, वडिलांना जेमतेम, मला एक अक्षर येत नाही. आमच्यावर कोणत्याही सरकारने लिपी लादली नव्हती. कोणी सैनिक दारात आला नव्हता. आम्हांला फक्त सवड मिळाली नव्हती.

सोलापूरला आल्यावर तिसऱ्या दिवशी पेटी खाली उतरवली. मोडी जाणणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांना घरी बोलावून आजोबांच्या वह्या उघडल्या. दोन दुपारी गेल्या. मग १९४८ च्या वहीत नोंद सापडली. निजाम राज्याच्या हद्दीतील, तुळजापूरच्या बाजूच्या एका गावातील मंदिराची शास्त्रे, बासने अकरा, रझाकारांच्या भयाने पेढीवर ठेवण्यास दिली. मागतील तेव्हा परत करावीत. खाली आजोबांची सही. परत केल्याची नोंद कोठेही नव्हती.

पेटीत अकरा बासने होती. नऊ शाबूत निघाली. दोन सोडवली तेव्हा आतून वाळवीची माती सांडली. फळ्या होत्या, वरचे लाल कापड होते, मधली पाने नव्हती. ती कोणती शास्त्रे होती, हे आता कोणालाही कळणार नाही. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. त्यांनी ती माती चिमटीने गोळा करून एका स्वच्छ फडक्यात बांधली.

पुढच्या रविवारी आम्ही त्या गावी गेलो. मंदिराचे विश्वस्त तरुण होते. त्यांना या ठेवीची काहीच वार्ता नव्हती. एका वृद्ध आजींना मात्र बालपणीची धावपळ आणि रात्रीची बैलगाडी आठवत होती. मी नऊ बासने वेदीसमोरील पाटावर ठेवली आणि दोन फळ्यांचे जोड वेगळे ठेवले. “आमच्याकडून ठेव पूर्ण परत होत नाही,” असे सांगताना माझा आवाज फुटेना. आमच्या पेढीने आजवर कोणाचा पैसा बुडवला नाही, असे मी अभिमानाने सांगत आलो होतो. ते वाक्य आता मला पूर्वीसारखे म्हणता येणार नाही. आजी एवढेच म्हणाल्या, “आणलंस ना? बस, जेवून जा.”

१९३८–३९ साली मंगोलियात पोथ्यांच्या होळ्या पेटत होत्या. त्याच १९३९ साली आपल्या अमरावतीहून डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली धवला टीकेसह षट्खंडागमाचा पहिला खंड छापून प्रसिद्ध झाला. मूडबिद्रीच्या ताडपत्रांत शतकानुशतके बंद असलेले श्रुत घराघरांत पोहोचण्याची ती सुरुवात होती. एकीकडे जे हिरावले जात होते, ते दुसरीकडे आपल्या पदरात विनासायास पडत होते. म्हणून आपला उत्तरदायित्वाचा वाटा मोठा आहे. तुदेव यांच्यापाशी शत्रू होता आणि त्यांनी त्याला हरवले. आपल्यापाशी शत्रू नाही, आणि म्हणून आपण गाफील आहोत.

श्रुतपंचमीला किंवा ज्ञानपंचमीला आपण शास्त्रांची पूजा करतो. माझी वाचकांस एवढीच विनंती आहे, की या वर्षी पूजेआधी माळ्यावर चढावे. आपली म्हणून जी पेटी आहे ती उघडावी. आणि आपली नाही असे ज्या पेटीविषयी वडीलधारे सांगत आले, ती त्याआधी उघडावी.